पाठीच्या दुखण्याला तारीख नसते

आमच्या मोहल्ल्यातले हवालदार चाचा एसटीत बसत नाहीत. जागा रिकामी असली तरी दांडीला धरून उभे राहतात. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडपर्यंतचा सगळा रस्ता ते उभ्यानेच काढतात. नव्या कंडक्टरला वाटतं, म्हातारा हट्टी दिसतोय. बसलं की कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

मुरबाडकडच्या एका गावात चाचांचा जुना दोस्त राहतो. दोघांनी काश्मीरमध्ये काही वर्षं एकत्र काढली. दोस्त पायदळात होता, त्याच्या मांडीत गोळी लागली. चाचा आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या शाखेत ड्रायव्हर. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षं त्यांनी आधी शक्तिमान आणि नंतर स्टॅलियन ट्रक चालवले. कारगिलच्या दिवसांत झोजिलावरून रात्री बत्त्या बंद ठेवून तोफगोळे नेले. दोस्ताला अपंगत्वाची पेन्शन पहिल्या दिवसापासून मिळते, चाचांना मिळत नाही. यावर दोस्ताचं एक वाक्य ठरलेलं आहे : "माझ्या पायात गोळी हाय, याच्या पाठीत ट्रक हाय. डागदरला गोळी दिसली, ट्रक नाय दिसला."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण मोहल्ल्यात माझी खरी नोकरी कागद वाचून दाखवण्याची आहे. बँकेचं पत्र, तलाठ्याची नोटीस, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं माझ्याकडे येतं. चाचाही एके दिवशी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि निवृत्तीच्या वेळी झालेल्या मेडिकल बोर्डाचे कागद. आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं ते साध्या भाषेत असं : कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. अपंगत्व २० टक्के. आणि पुढच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं : एन, ए, एन, ए.

"सर, हा नाना कोण हो?" चाचांनी विचारलं. "माझी पेन्शन यानंच अडवलीय म्हणतात."

उर्दूत नाना म्हणजे आईचे वडील, मराठीत घरातला वडीलधारा. फौजेच्या कागदात मात्र ही एका शेऱ्याची आद्याक्षरं आहेत. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा त्या शेऱ्याचा अर्थ. चाचांच्या चोवीस वर्षांचा हिशेब या चार अक्षरांत संपला होता. हा शेरा आला कुठून, या कुतूहलापोटी मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता शंभर वर्षं मागे गेलो.

पहिल्या महायुद्धात आपल्या मुलखातून हजारो माणसं गेली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नाव मराठा असलं तरी या पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. आपल्यातल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. कुत-अल-अमारा इथे ही फौज वेढ्यात सापडली. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ ला, तिने शरणागती पत्करली. वेढ्यात हिंदी शिपायांमध्ये उपासमार आणि स्कर्व्ही पसरली होती. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कित्येक वाटेत मेले. जे परतले, त्यांतल्या अनेकांच्या अंगावर गोळीचा वण नव्हता, पण अंगात बळही उरलं नव्हतं.

त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत अजून आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, ते परत आलेच नाहीत. या पाट्यांवर साधारण दोन आकडे असतात : गावातून किती माणसं लढाईला गेली आणि त्यांतली किती मेली. तिसरा आकडा नसतो. किती जण जिवंत परत आले पण नांगर धरू शकले नाहीत, हे कुठल्याही दगडावर कोरलेलं मी पाहिलेलं नाही.

या तिसऱ्या आकड्यातल्या माणसांकडे सरकार संशयाने बघतं, हेही जुनंच आहे. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी हिंदी शिपाई इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळांत येऊ लागले. पुष्कळांच्या जखमा हाताला होत्या. लगेच कुजबुज सुरू झाली, की घरी परतायला मिळावं म्हणून हे स्वतःच स्वतःला गोळ्या मारून घेतात. किचनर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी मग १००० जखमा एकेक करून तपासल्या आणि अहवाल लिहिला. या संशयाला आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खंदकात बसलेल्या माणसाचा हातच आधी वर येतो, तेव्हा हाताला लागणार यात नवल काय? पण तपासणी करून हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं. संशय आधी, तपासणी नंतर.

दुसऱ्या बाजूला चांगलं कामही झालं, आणि तेही महाराष्ट्रातच. १९१७ साली गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी शाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. राणी मेरीच्या नावाची ही संस्था आजही चालू आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं पुनर्वसन केंद्रही खडकीलाच आहे. ते १९७४ साली सुरू झालं. त्याआधीच्या दहा वर्षांत दोन युद्धं होऊन गेली होती. कमरेखालचं, कुणाचं मानेखालचं शरीर निकामी झालेले जवान तिथे राहतात, व्हीलचेअरवर खेळतात. तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारेही तिथे झाले.

पाठीचा कणा आणि फौज म्हटलं की मराठी माणसाला मुरलीकांत पेटकर आठवायला हवेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत ईएमई या यांत्रिक दुरुस्तीच्या शाखेत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतली आणि कमरेखालचं अंग गेलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. पदक आणि पद्मश्री यांत ४६ वर्षांचं अंतर आहे. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

पण पेटकरांची गोष्ट सांगताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सन्मानाला कितीही वेळ लागो, त्यांच्या जखमेबद्दल कुणाला प्रश्न नव्हता. गोळीला तारीख असते. कुठल्या आघाडीवर, कुठल्या दिवशी लागली, ते कागदावर येतं. चाचांच्या पाठीचं तसं नाही. झोजिलाच्या कुठल्या वळणावर गादी सरकली? कुठल्या वर्षीच्या कुठल्या खड्ड्यात? हे चाचांना सांगता येत नाही आणि कुणालाच सांगता येणार नाही. मणक्याची झीज, दबलेली नस, सुन्न पडलेले तळपाय, फिट येणं या दुखण्यांना तारीख नसते. आणि सरकारी फॉर्मवर तारखेचा रकाना रिकामा राहिला, की शेजारच्या रकान्यात नाना येऊन बसतात.

आता कायदा बघू. सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत अपंगत्वाच्या पेन्शनसाठी दोन अटी आहेत. अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, आणि ते २० टक्के किंवा त्याहून जास्त असावं. पहिली अट पुरी होते की नाही हे कसं ठरवायचं, त्यासाठी १९८२ चे नियम आहेत. ते मी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. ते शिपायाच्या बाजूने लिहिलेले आहेत. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडून त्याला फौज सोडावी लागली, तर बिघाड सेवेमुळे झाला असं धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावर नाही. शंका असेल तर तिचा फायदा शिपायाला. भरतीच्या वेळी आजार ओळखता येणं शक्यच नव्हतं असं बोर्डाला वाटत असेल, तर त्याने कारणं लिहायची. शिवाय, भरतीच्या वेळेपेक्षा खालच्या वैद्यकीय श्रेणीत जो निवृत्त होतो, त्यालाही आजारपणामुळे बाहेर पडलेला समजायचं.

म्हणजे नियम असा, की फौजेने धडधाकट पोरगा तपासून घेतला असेल आणि मोडका माणूस परत केला असेल, तर उत्तर फौजेने द्यायचं. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं उत्तर शिपायाकडेच मागितलं गेलं.

एक काळ असा होता, की मेडिकल बोर्डाने शिपायाला समोर तपासून टक्केवारी ठरवायची आणि अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात बसून ती कागदावरच कमी केली जायची. १९९३ साली माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. माणूस पुन्हा तपासल्याशिवाय बोर्डाचं मत फिरवता येणार नाही, असं सांगितलं.

नंतरचा मोठा खटला धरमवीर सिंग यांचा. आजार मेंदूचा, फिट येण्याचा. १९८५ मध्ये सिग्नल कोरमध्ये भरती झाले. नऊ वर्षांनी, १ एप्रिल १९९४ पासून, २० टक्के अपंगत्व दाखवून त्यांना घरी पाठवलं. बोर्डाचा शेरा : सेवेशी संबंध नाही. २००४ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात ते जिंकले. सरकार अपिलात गेलं आणि २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे ते हरले. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकले. घरी पाठवल्यापासून एकोणीस वर्षं गेली. न्यायालयाने नवीन काही शोधून काढलं नाही. १९८२ चे नियम उघडले आणि विचारलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद होती का? नव्हती. संबंध नाही म्हणायला बोर्डाने कारण दिलं का? दिलं नाही. मग हक्क शिपायाचा. आज देशभरात फौजी अपिलात जातात तेव्हा वकील पहिलं नाव याच निकालाचं घेतात.

दुसरा निकाल १० डिसेंबर २०१४ चा, राम अवतार यांचा. टक्केवारीच्या सवलतीचा तो खटला. १९९६ पासून सवलत अशी, की ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढचं १००. पण ही सवलत फक्त मध्येच सेवा सोडावी लागलेल्यांना मिळायची. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. चाचांसारख्यांसाठी हिशेब असा होतो : पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, ५० टक्के अपंगत्वाला त्याच्या निम्मे, म्हणजे १५ टक्के. शेवटचा पगार समजा २०,००० असेल, तर महिन्याला ३,००० रुपये आणि वर महागाईचा भत्ता. मुंबईच्या माणसाला ही रक्कम काहीच वाटणार नाही. शहापूरच्या घरात तेवढ्यात औषधं आणि फिजिओथेरपीचा खर्च निघतो.

दाद मागायची वाट लांब आहे. शेरा विरुद्ध गेला तर सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, दोन्ही खात्याकडेच. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. याचा कायदा २००७ चा, काम २००९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याआधी थेट उच्च न्यायालय गाठावं लागे. मुंबईच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा. तिथे एक न्यायाधीश आणि एक फौजेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी एकत्र बसतात. व्यवस्था चांगली आहे, पण आसनगावहून लोकलने मुंबईला जायला दोन-सव्वादोन तास लागतात आणि चाचा लोकलमध्येही उभेच असतात.

चाचांनी २००७ मध्ये अपील केलंच नव्हतं. एका कार्यालयात त्यांना सांगितलं गेलं, 'चोवीस वर्षं झाली, सर्व्हिस पेन्शन मिळतेय ना, मग आणखी काय पाहिजे?' चाचा शरमून परत आले. पुढे कुणी तरी सांगितलं, आता मुदत गेली. हेही अर्धसत्यच निघालं. २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून न देण्याचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो. उशिरा आलात तरी दावा मरत नाही. थकबाकी मात्र दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे चाचा गप्प राहिले त्या वर्षांचे पैसे बुडाले, पण हक्क शिल्लक आहे. दोन वर्षांपूर्वी वकिलामार्फत दावा दाखल केला. निकाल अजून यायचा आहे.

सरकारची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. पाठ फक्त फौजींचीच दुखते असं नाही. आमच्याकडे भात लावणाऱ्या बाया, विटभट्टीवरचे मजूर, रिक्षावाले, सगळ्यांच्या पाठी जातात, आणि त्यांना कुणी पेन्शन देत नाही. वय झालं की मणका झिजतो, हे डॉक्टर खोटं सांगत नाहीत. सवलतीचा गैरफायदा घेणारेही असतात. हीच चिंता पुढे करून २१ सप्टेंबर २०२३ ला नवे नियम आले, आणि आजार असूनही नोकरी पूर्ण करणाऱ्यांच्या रकमेला वेगळं नाव मिळालं. माझं म्हणणं एवढंच आहे : शेरा विरुद्ध द्यायचा असेल तर द्या, पण कारण लिहा. माणूस समोर उभा करा, त्याने काय काम केलं ते विचारा, मग लिहा. चाचांच्या कागदावर त्या चार अक्षरांखाली एकही ओळ नाही. चोवीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाची पाठ ट्रकमुळे गेली नाही, तर कशामुळे गेली? एवढं एक वाक्य तरी लिहायला हवं होतं.

आता थोडं आपल्याबद्दल. २६ जानेवारीला आपल्या उर्दू शाळांमध्ये अब्दुल हमीद यांच्यावर भाषण ठरलेलं असतं. १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर असल उत्तरला त्यांनी पाकिस्तानी रणगाडे उडवले, शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं. मीही दर वर्षी ते भाषण मुलांकडून पाठ करून घेतो आणि घेत राहीन. पण मागच्या वर्षी झेंडावंदनाला चाचा पहिल्या रांगेत उभे होते. खुर्ची दिली तर म्हणाले, "नको सर, बसवत नाही." भाषण देणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हतं, की झोजिलावरून तोफगोळे नेणारा माणूस त्याच्यापासून दहा फुटांवर उभा आहे. शहादतीचा अभिमान आपण मिरवतो, कारण देशावरचं प्रेम सिद्ध करायचं ओझं आपल्यावर सतत टाकलं जातं आणि आपणही ते उचलतो. जिवंत परतलेल्या माणसाचा साधा हक्क मागायला मात्र आपल्याला लाज वाटते. चाचांच्या घरचेच त्यांना म्हणत होते, 'सरकारकडे हात कशाला पसरायचे?' मी त्यांना नियम वाचून दाखवला. यात हात पसरणं कुठेच नाही, ही उरलेली मजुरी आहे.

हे सगळं जुन्या लोकांचं आहे असं समजून सोडून देऊ नका. पहाटे मुरबाड रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. कुणबी, आगरी, ठाकूर, आमच्या मोहल्ल्यातली दोन-तीन. २०२२ पासून ती अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांसाठी. त्यांना पेन्शन नाही. अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. पण तिथेही अट तीच : अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं. नाव बदललं, रक्कम बदलली, रकाना तोच राहिला.

म्हणून गेल्या महिन्यात मी चाचांना घेऊन त्या पोरांकडे गेलो. चाचांनी प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि नानांची ओळख करून दिली. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. चाचांनी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या. एक : पडलात, लागलं, कंबर धरली, तर मर्दानगी दाखवत गप्प बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात नोंद करा आणि इंज्युरी रिपोर्ट लिहून घ्या. दोन : प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी पाठवा. तीन : शेवटच्या मेडिकल बोर्डासमोर बसाल तेव्हा सही करण्याआधी तो रकाना वाचा, कळला नाही तर विचारा.

"आणि नाना दिसले," चाचा म्हणाले, "तर सहा महिन्यांच्या आत माझ्याकडे या. मी सोळा वर्षं घालवली, तुम्ही घालवू नका."